खांबापाशी एक सूर

शेवंता खांबापाशी सूर मारायची, तेव्हा गुडघे जमिनीवर घासल्याचा खर्रकन आवाज यायचा. इतकी वर्षं झाली, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या खो-खोच्या मैदानावर मी फक्कीनं रेघा आखायचो. खडे किती होते, ते मला ठाऊक.

तिची राज्याच्या संघात निवड झाली, म्हणून पेपरातल्या सरोजबाई मुलाखतीला आल्या. शेवंता मला म्हणाली, "काका, आज खड्यांचं सांगणारच. धाकट्या पोरींचे गुडघे तरी वाचतील."

पण मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव मध्येच खुर्ची टाकून बसले. बाईंनी तिला काहीही विचारलं, तरी उत्तर यांचंच.

"गुडघ्यांना काय झालं गं?"

"लहानपणी पडली असेल," दिनकरराव म्हणाले. "आमचं मैदान म्हणजे गादी आहे, गादी! लिहा."

"बाई, मला बोलायचंय," शेवंता म्हणाली.

"तिचं काय ऐकता? मी सांगतोय ना!"

सरोजबाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, आमच्याकडे ज्याची मुलाखत, त्याचाच खेळतानाचा फोटो छापतात. उत्तरं सगळी तुम्ही दिलीत. आता त्या गादीवर एक सूर मारा, मी फोटो काढते."

भोवती जमलेल्या पोरी फिसकन हसल्या. मी पुढे होऊन खांबाजवळची फक्कीची पाटी बाजूला घेतली.

दिनकररावांनी जमिनीकडे पाहिलं, मग आपल्या पांढऱ्याशुभ्र पँटीकडे पाहिलं. सरोजबाईंनी वहीचं कोरं पान काढलं आणि त्या शेवंताकडे वळल्या. अध्यक्ष उठले आणि फाटकाकडे चालू लागले.