उपाशी गोधडी

झेंडूच्या मळ्याच्या कडेला एक इवलंसं खोपट होतं. तिथे येसू, तिची आई आणि धाकटा म्हादू राहायचे. तिघांत मिळून पांघरूण एकच, तेही विरलेलं. डोक्यावर ओढलं की म्हादूचे पाय उघडे, पायांवर ओढलं की डोकं उघडं! दिवाळीची थंडी पडली आणि त्याची चिमुकली पावलं गारठून जाऊ लागली. येसूला ते बघवेना.

वसुबारसेला सगळं गाव बाजाराला निघालं. शेजारची गिरजामावशी म्हणाली, "चल गं येसू! मुंगीला शिरायला जागा नाही म्हणे, पण रजया काय एकेक आल्यात!"

"नको मावशी," येसू ठसक्यात म्हणाली. "त्या धक्काबुक्कीत अर्धी दिवाळी जायची. भाऊबीजेला म्हादूची गोधडी मीच शिवणार."

आईने कौतुकाने चिंध्यांचं गाठोडं दिलं. "शिव गं बाय माझी. पण शेवटचा कोपरा मिटायच्या आधी आत भाकरीचा तुकडा ठेव हं. गोधडी उपाशी ठेवू नये. उपाशी गोधडी ऊब देत नाही."

येसू मळ्यात जाऊन बसली. गाठोड्यात एकच तुकडा झळझळीत होता, आईच्या लग्नातल्या शालूचा, कुंकवासारखा लाल. तो मधोमध लावायचा, असं तिने ठरवलं. इतक्यात झेंडूच्या फुलामागून मुसमुस ऐकू आली. बघते तर अंगठ्याएवढी परी! अंगात हळदुल्या रंगाचा झगा, पायांत चांदीचे घुंगरू, आणि एक पंख टरकन फाटलेला.

"बाजाराची रोषणाई बघायला गेले होते," परी स्फुंदत म्हणाली. "गर्दीत पंख फाटला. आता घरी कशी जाऊ?"

"रडू नकोस गं. मी आहे ना!" येसूने तो लाल तुकडाच घेतला आणि बारीक बारीक टाके घालून पंखाला ठिगळ लावलं.

परीने आनंदाने गिरकी घेतली आणि एक सोनेरी सुई काढून दिली. "तीन इच्छा माग. अट एकच. जे आपल्या हातांनी होतं, ते मागायचं नाही. मागितलंस तर सुई काळी पडेल आणि उरलेल्या इच्छा जातील."

"म्हणजे गोधडी मागायची नाही?"

"नाही."

"मग हरकत नाही. शिवता मला येतं!"

येसूने आधी मागितला न संपणारा दोरा. मग मागितले विटलेल्या चिंध्यांचे जुने रंग. तशी मोरपंखी, डाळिंबी, लिंबोणी चिंध्यांची जत्राच भरली! येसू शिवत राहिली. सुई बोटात घुसली, तरी शिवत राहिली.

भाऊबीजेच्या संध्याकाळी म्हादूला ओवाळून तिने गोधडी त्याच्या अंगावर घातली. म्हादू कुडकुडला.

"ताई, गार लागतंय गं."

येसूने गोधडी चहूबाजूंनी नीट खोचली, तरी त्याचं कुडकुडणं थांबेना. खिडकीत परी येऊन बसली होती. 'ऊब दे' हे शब्द येसूच्या ओठांवर आले, पण तिने ते गिळले. ऊब हातांनी होत नाही का? मग आपलं चुकलं कुठे? आणि तिने कपाळावर हात मारला.

"अगं बाई! हिला जेवायला घालायचंच राहिलं!"

घाईघाईत कोपरा तसाच मिटला होता. तिने तो उसवला, आपल्या ताटातल्या भाकरीचा खरपूस तुकडा आत ठेवला आणि पुन्हा शिवला. बघता बघता म्हादूचे गाल गुलाबी झाले.

परी खुदकन हसली. "आणखी एक इच्छा आहे. पैंजण हवेत? रेशमी परकर?"

येसूने म्हादूच्या पावलांकडे पाहिलं. "हा मोठा होईल. गोधडीही त्याच्याबरोबर वाढू दे. वाढणं काही मला शिवता येत नाही."

"तथास्तु, माझ्या गुणी बाळे!" परीने लाल ठिगळाचा पंख फडफडवला. खोपटभर सोनेरी उजेड सांडला आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असं शहाणी माणसं सांगतात. म्हादूने मात्र त्या रात्री खुशाल पाय पसरले, आणि गोधडीच त्याचे पाय पाहून पसरली.