खोलीबाहेर न जाणारं गुपित

ज्या अण्वस्त्रांच्या तळाच्या नावानं शेजारची राष्ट्रं चळचळा कापत, त्या तळावर एकदा घटसर्प शिरला. घशाच्या या साथीनं जवान अंथरुणाला खिळले, काही दगावलेही, आणि आसपासच्या गावांतली लेकरं तापानं फणफणू लागली. साथरोगतज्ज्ञ डॉ. विभावरी कोलते लोकांना सावध करायची परवानगी मागायला संरक्षणमंत्री इंद्रोजीरावांकडे गेल्या. सगळ्यांचे फोन बाहेर ठेवून घेतले गेले आणि खोलीचं दार लागलं.

"आपला तळ आजारी आहे हे शत्रूला कळलं, तर तो उद्याच चालून येईल," मंत्री गरजले. "हे गुपित या खोलीबाहेर जाता कामा नये. गेलं, तर तुम्ही तुरुंगात."

विभावरीबाई शांतपणे म्हणाल्या,

"मग साहेब, तुम्हालाही या खोलीबाहेर जाता येणार नाही."

"म्हणजे?"

"परवा तळाच्या दौऱ्यात तुम्ही प्रथेप्रमाणे कॅमेऱ्यांसमोर एका जवानाच्या ताटातला घास खाल्लात. तो जवान आज घटसर्पानं दवाखान्यात आहे. गुपित कदाचित तुमच्या घशातच बसलंय."

मंत्र्यांचा हात नकळत गळ्याकडे गेला. समोरचं पाणी त्यांनी जपून गिळून पाहिलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, याची लक्षणं काय असतात? तपासणी कुठं होते?"

"साहेब, एवढंच लोकांना सांगायची परवानगी मागतेय मी."