खरंय म्हणणारा वड

फार जुन्या काळी एका वडावर रोज सकाळी पक्ष्यांची सभा भरे. राजा गरुड बोलला की सगळ्यांनी “खरंय!” म्हणायचं, अशी रीत होती. गरुडानं बगळ्यांना चोर म्हटलं, साळुंक्यांना घाणेरड्या. दुखावलेले थवे एकेक करून निघून गेले, पण “खरंय!” काही कमी होईना.

टिटवीची अंडी खाली माळावर होती, ती सोडून ती कुठे जाणार? तिनं वर पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला.

“महाराज, जीभ आवरा. तिच्यापायी झाड रिकामं झालंय.”

“टिटवीबाई समुद्र आटवायला निघाल्या!” गरुड हसला. “वेडी आहे ना रे ही?”

“खरंय!” झाड गरजलं.

“मान वळवून बघा तरी.”

गरुडानं पाहिलं. एकाही फांदीवर पक्षी नव्हता.

“म्हणजे मी एकटाच आहे?” त्याचा आवाज कापला.

“खरंय!” रिकाम्या फांद्या म्हणाल्या.