कलती मान

“पण महाराज, आपली मान सरळ झाली, तर मठाच्या नम्रतेचे काय?”

मठाचे ज्येष्ठ शिष्य धुंडिराजबुवा यांनी असे विचारले, तेव्हा त्यांची स्वतःची मान डाव्या खांद्याकडे कललेली होती.

दामोदर महाराजांचे डोळे जन्मापासून आपोआप डुलत. मान डावीकडे कलवली की ते थोडे स्थिरावत आणि पोथीतील अक्षर हाती लागे. शिष्यांना त्यात लीनता दिसली. मान किती कलवावी, हे तर बुवा नव्या साधकांना दोन बोटांच्या मापाने शिकवीत.

अलीकडे मान कलवूनही अक्षर ठरेना. नित्याचे वाचन सुटण्याची वेळ आली, म्हणून महाराजांनी डॉ. मृणाल वर्तक यांच्या औषधचाचणीत नाव दिले.

डॉक्टरांनी दोन बाटल्या समोर ठेवल्या. “महिनाभर ही, मग महिनाभर ती. एकीत औषधाच्या गोळ्या आहेत, दुसरीत नुसत्या पिठाच्या. कोणत्या बाटलीत काय, हे मलाही ठाऊक नाही.”

“वैद्यालाच ठाऊक नाही!” बुवा कडाडले. “आणि आमच्या महाराजांनी ते गिळायचे?”

“ठाऊक असते, बुवा, तर मला हवे तेच दिसले असते.”

महाराज हसले.

“बाई साधक आहेत… पाणी आणा.”

पहिला महिना कोरडा गेला. बुवा प्रसन्न होते.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी महाराजांनी मान सरळ ठेवून अख्खा अध्याय वाचला. ऐकणाऱ्या तीस माना कललेल्याच राहिल्या.

पुढे चाळीसही रुग्णांची चाचणी पुरी झाली. मोहोरबंद पाकीट उघडून डॉक्टर मठात आल्या.

“पहिली बाटली पिठाची होती. दुसरी औषधाची.”

“अशक्य!” बुवा म्हणाले. “दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्या मी माझ्या हाताने दिल्या आहेत. तोच रंग, तोच आकार, तोच कडवटपणा!”

“कडवटपणा तुम्हांला कसा कळला?”

बुवांनी ओठ पुसले.

“एकेक चाटून पाहिली होती. गुरूंच्या पोटात जायचे, म्हणून.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

“पण महाराज, आपणच सांगा,” बुवा काकुळतीला आले, “त्या दोन गोळ्यांत काडीचा तरी फरक होता का?”

महाराजांनी बुवांच्या हनुवटीला हात लावला आणि त्यांची मान हलकेच सरळ केली.

हात काढताच ती पुन्हा कलली.

“नाही, बुवा… दिसायला अगदी सारख्या.”