बंद टेकाडाचा आकडा

"पण तिचाच आकडा का, तात्या?"

पुष्करचा नुसता जळफळाट झाला होता. शहराच्या कचरा डेपोतून वर्षाला किती मिथेन वायू हवेत जातो, याचा अंदाज त्यानेही काढला होता आणि त्याच्याबरोबरच्या इंजिनिअर यामिनीनेही. वायू ओढून घेणाऱ्या नळ्या यामिनीच्या आकड्यानुसार बसवायच्या, असं त्या सकाळी ठरलं. अहवालावर नावही तिचंच.

तात्या लोखंडे चाळीस वर्षं या डेपोचे मुकादम होते. निवृत्तीनंतरही गेटजवळ खुर्ची टाकून बसत. मोठमोठ्या पदव्यांचे इंजिनिअर त्यांच्याकडे शिकायला येत आणि बहुतेक जण त्यांनाच शिकवून जात.

"मी एकेक गाडी मोजलीय, तात्या. आणि तिचा आकडा माझ्या दुप्पट!"

"कुठला ढीग मोजलास?"

"चालू."

"आणि तो?" तात्यांनी हनुवटीनेच पलीकडचं हिरवं टेकाड दाखवलं.

"तो बारा वर्षांपूर्वीच बंद झालाय. वर माती टाकली, गवत आलं. तिथं आता काय उरलंय?"

तात्या उठले. कोपऱ्यातली पहार खांद्यावर टाकून टेकाड चढले. पुष्कर धापा टाकत मागोमाग.

तात्यांनी गवतात पहार खोल रोवली. बराच वेळ नुसते उभे राहिले...

मग उपसली आणि टोक पुष्करच्या हातात दिलं.

त्याने चटकन हात झटकला. लोखंड कढत होतं. भोकातून कुबट भपका वर आला.

"हे तुम्ही यामिनीला आधीच सांगितलंत!"

"तिनं विचारलं."

"तिचं नेहमी असंच! कॉलेजात पहिल्या वर्षाला माझ्याच वहीवरून अभ्यास केला आणि पहिली आली. निळी वही होती. वर चहा सांडून परत दिली."

"कधीची गोष्ट ही?"

"नऊ वर्षं झाली."

तात्यांनी पहार पुन्हा आपल्या हातात घेतली.

पुष्कर ओशाळला. "म्हणजे... ते मी केव्हाच विसरलो, तात्या. आता मनात काही नाही."

तात्या पहारीचं टोक गवताला पुसत होते.

"हो ना," ते म्हणाले. "गवत छान आलंय."