झाकणावरचा वास

एकदा एका कापडव्यापाऱ्याच्या घरी उन्हाळ्याची सुट्टी येऊन ठेपली. सुट्टी सर्वांच्याच घरी येते. पण या घरात तीन मुले होती आणि बाहेर ऊन असे की सकाळी दहानंतर अंगणात पाय ठेवण्याची सोय नव्हती. पहिल्या चार दिवसांतच मुलांनी दोन आरसे फोडले, गादीतला कापूस उपसून त्याच्या दाढ्या केल्या आणि दुकानातल्या लोखंडी गजाने एकमेकांची उंची मोजता मोजता त्याच गजाने एकमेकांना बडवले. तेव्हा व्यापाऱ्याची पत्नी शांतपणे म्हणाली, "एक तर या मुलांना कुठेतरी गुंतवा, नाहीतर मला माहेरी पाठवा."

व्यापारी व्यवहारी होता. दोहोंपैकी सोपे काय हे त्याला लगेच समजले. नदीकाठी एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यासह राहत असत, त्यांच्याकडे तो गेला. शिष्य विशीतला, उत्साही, आणि एका स्वप्नाने झपाटलेला होता. त्याला लहान मुलांसाठी शाळा काढायची होती, जिथे पुस्तके सर्वांत शेवटी येतील आणि डोळे, कान, नाक, बोटे ही आधी शिकतील. विचार फार सुंदर होता, फक्त त्याला छप्पर नव्हते. व्यापाऱ्याचे मात्र बाजारामागे एक घर रिकामे पडले होते.

"आठ दिवस माझी मुलं गुंतवून दाखवा," व्यापारी शिष्याला म्हणाला, "ते घर तुमच्या शाळेला दिलं."

शिष्याने आचार्यांकडे पाहिले. आचार्यांनी नुसती मान हलवली. शिष्याने ती होकारार्थी धरली.

त्याने मुलांसाठी वासांचा खेळ मांडला. सहा डब्या घेतल्या. वेलची, ओवा, बडीशेप, धणे, कापूर आणि वाळा यांच्या मलमलीच्या पुरचुंड्या बांधून एकेका डबीत एकेक ठेवली, म्हणजे आत काय आहे ते दिसू नये. कशात काय आहे ते आपल्या लक्षात राहावे म्हणून झाकणावर चिठ्ठी डकवली. मुलांनी डोळ्यांना पट्टी बांधायची, डबी हुंगायची आणि नाव सांगायचे.

पहिले दोन दिवस तर उत्सवच झाला. थोरला नारू दहा वर्षांचा, मधला विसू आठ वर्षांचा आणि धाकटी कुंदा सहा वर्षांची. डब्या संपल्यावर मुले घरभर हुंगत सुटली. माठाची ओली माती, कैरीचा चीक, उन्हात तापलेली गोणपाटे, काही म्हणून सोडले नाही. कुंदाचे नाक विलक्षण होते. न पाहता तिने आईचे पातळ ओळखले, आजीच्या औषधाची बाटली ओळखली आणि वडिलांची पगडी हुंगून "ही कधी धुतली होती?" असे विचारले. घरात दुपारी हसू ऐकू येऊ लागले. व्यापाऱ्याची पत्नी माहेरचा विषय काढीनाशी झाली.

तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे शिष्याला पडसे झाले. आदल्या दुपारी त्याने गारेगार कोकम सरबताचे पाच पेले रिचवले होते आणि ओल्या पडद्याला पाठ लावून झोप काढली होती. भर वैशाखात पडसे होऊ नये असा शास्त्रात काही नियम नाही. पण नाक असे चोंदले की कापूर जवळ धरला काय आणि कोळसा धरला काय, त्याला सारखेच. आता वासाचा खेळ शिकवणाऱ्यालाच वास येत नाही, हे सांगायचे कसे? आवाज का घोगरला असे विचारल्यावर, घर हातचे जाईल या भीतीने त्याने सांगितले, "मुलांशी बोलून बोलून आवाज बसला आहे." व्यापाऱ्याला ते ऐकून भरून आले. एवढा कष्टाळू शिक्षक त्याने पाहिला नव्हता.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरात घडली. त्या संध्याकाळी अवचित पाहुणे आले आणि ऐन वेळी मसाल्याच्या डब्यात ओवा संपलेला निघाला, वेलचीही निघेना. व्यापाऱ्याच्या पत्नीने खेळातल्या डब्या आणल्या, सहाही पुरचुंड्या सोडल्या, भज्यांना ओवा घेतला, शिऱ्याला वेलची घेतली, जेवणानंतर बडीशेप घेतली, आणि सगळे पुन्हा बांधून हाताला लागेल त्या डबीत टाकले. अन्नपूर्णेला त्या घाईत चिठ्ठ्या वाचायला सवड कुठली!

चौथ्या दिवशी खेळ सुरू झाला. शिष्याला आता विश्वास ठेवायला एकच गोष्ट उरली होती, झाकण. आणि ज्याला आतून खात्री नसते तो नियम कडक करतो, हे आपण पाहतोच. त्याने भिंतीवर तक्ता लावला, गुण लिहायला घेतले आणि तीन उत्तरे चुकतील त्याने कान धरून कोपऱ्यात उभे राहायचे असे ठरवले.

नारूच्या नाकाने त्याला लगेच दगा दिला. पण नारू हुशार होता. पट्टीखालच्या फटीतून त्याने झाकण वाचले आणि ठणकावून सांगितले, "वेलची!" सहापैकी सहा गुण. विसूला फट सापडली नाही, पण शेजारी नारू होता. त्यालाही सहा. राहिली कुंदा. तिला अजून अक्षरे नीट लागत नव्हती. बिचारीकडे नाकाखेरीज काही नव्हते.

"ओवा," ती म्हणाली.

"चूक. वेलची."

"ओवाच आहे, गुरुजी. तुम्ही घ्या ना वास!"

शिष्याने डबी नाकापाशी नेली, डोळे मिटून श्वास घेतल्यासारखे केले आणि म्हणाला, "वेलची."

कुंदा कोपऱ्यात उभी राहिली. पाचव्या दिवशीही राहिली. सहाव्या दिवशी ती रडत भांडली, तेव्हा आई म्हणाली, "कुंदे, गुरुजी का खोटं बोलतील?" सातव्या दिवशी मात्र ती भांडली नाही. प्रत्येक डबीला तिने एकच उत्तर दिले, "मला वास येत नाही."

व्यापारी घाबरला. त्याने वैद्यांना बोलावले. वैद्यांनी कुंदाच्या दोन्ही नाकपुड्यांत बराच वेळ डोकावून आत हरभरा वगैरे काही नाही असा निर्वाळा दिला आणि दोन पेले पन्हे पिऊन ते निघून गेले. शिष्य हे सारे बघत होता. त्या रात्री तो जेवला नाही, पण बोललाही नाही. आठवा दिवस उद्यावर आला होता.

आठव्या दिवशी व्यापाऱ्याने आचार्यांना बोलावून घेतले. किल्ल्यांचा जुडगा त्याने कमरेला लावला होता. प्रात्यक्षिक पाहायचे आणि घर द्यायचे, असा बेत होता. नारूला सहा गुण मिळाले, विसूलाही मिळाले. कुंदा "वास येत नाही" एवढे म्हणून आपण होऊन कोपऱ्यात गेली आणि कान धरून उभी राहिली.

आचार्य म्हणाले, "मलाही खेळायचं आहे."

ते मुलांच्या ओळीत मांडी घालून बसले आणि पट्टी बांधून घेतली. शिष्याने डबी पुढे केली.

"ओवा," आचार्य म्हणाले.

शिष्याने झाकण पाहिले. वेलची. आचार्यांचे नाक गावात प्रसिद्ध होते. कोणाच्या घरी कोणती भाजी करपली हे ते गल्लीच्या तोंडाशी सांगत. व्यापाऱ्याला ही अडचण समजली नाही. त्याने मदतीला म्हणून डबी घेतली, स्वतः हुंगली, दचकला, झाकण पाहिले, आणि सावरून म्हणाला, "हो हो, वेलचीच. फार उंची प्रतीची असणार. अशा वेलचीला जरा ओव्याकडे झुकणारा वास असतो."

"म्हणजे माझं चुकलं?" आचार्यांनी विचारले.

"चुकलं, आचार्य," शिष्य कसाबसा म्हणाला.

दुसऱ्या डबीला आचार्य बडीशेप म्हणाले. झाकण म्हणत होते धणे. तिसरीला ते वाळा म्हणाले. झाकण म्हणत होते कापूर. तीन उत्तरे चुकली. तेव्हा ते ज्ञानवृद्ध, वयोवृद्ध गृहस्थ पट्टी न सोडताच उठले, भिंत चाचपत कोपऱ्यापर्यंत गेले आणि कुंदाच्या शेजारी कान धरून उभे राहिले.

व्यापारी ओरडला, "अहो आचार्य, हे काय करता!" त्याची पत्नी स्वयंपाकघरातून धावत आली. नारू आणि विसू तोंडे उघडी टाकून बघत राहिले. एकट्या कुंदाला त्यात काही नवल वाटले नाही. ती थोडी सरकली आणि तिने त्यांना जागा करून दिली.

"आजोबा, तसं नाही," ती म्हणाली. "उजव्या हाताने डावा कान धरायचा."

आचार्यांनी हात बदलले.

मग तिने हळूच विचारले, "तुम्हाला पण ओव्याचा वास आला?"

"आला."

"मग सांगू नका हं," ती अगदी कळवळून म्हणाली. "येत नाही म्हणायचं. नाहीतर उद्या पण उभं करतात."

ती कुजबुजली होती, पण खोलीत इतकी शांतता होती की ते सर्वांना ऐकू आले. शिष्याच्या हातातली डबी खाली ठेवली गेली. आता त्याला राहवेना.

"शेठजी," तो म्हणाला, "गेले पाच दिवस मला कसलाही वास येत नाही. मला पडसं झालंय. मी एकही डबी हुंगलेली नाही, नुसती झाकणं वाचली. तुमची मुलगी चुकली नव्हती. तिला वास येतो. मी तिला येत नाही म्हणायला लावलं."

"पण तुमचा तर आवाज बसला होता!" व्यापारी म्हणाला.

"अगं बाई!" त्याची पत्नी कपाळावर हात मारून घेत उद्गारली. "पाहुणे आले त्या दिवशी मीच त्या पुरचुंड्या सोडल्या होत्या. कुठली कुठे ठेवली, देव जाणे!"

"म्हणजे मी मघाशी हुंगला तो ओवा?"

"ओवाच."

"मला वाटलंच होतं," व्यापारी घाईघाईने म्हणाला. नारूला नेमकी त्याच क्षणी तहान लागली आणि तो पाणी प्यायला आत गेला.

शिष्याने आचार्यांच्या पायाशी बसून विचारले, "आपल्याला पहिल्याच डबीला सारं कळलं होतं. मग मला तिथल्या तिथे का नाही सांगितलंत? आपण का शिक्षा घेतली?"

आचार्यांनी पट्टी सोडली. "मी सांगितलं असतं तर तू माझं ऐकलं असतंस," ते म्हणाले. "काल झाकणाचं ऐकलंस, आज माझं ऐकलं असतंस, पण तुझी चूक तुला कळली नसती. ती या कोपऱ्यात उभी होती, म्हणून मी इथे आलो. मुलाला ओवा आणि वेलची ओळखता आली नाही तर काही बिघडत नाही. बाजारात दोन्ही नाव सांगूनच विकतात. पण आलेला वास आला नाही असं म्हणायला मूल शिकलं, तर पुढे आयुष्यभर कोणीही त्याला काहीही हुंगायला देईल आणि ते मान डोलवेल. तू ज्या शाळेचं स्वप्न पाहतोस, ती यासाठीच काढायची होती ना?"

शिष्याचे डोळे भरून आले. व्यापाऱ्याने कमरेच्या किल्ल्यांवर हात ठेवला. घर द्यावे की नाही, हे त्याला ठरवता येईना. त्याने पत्नीकडे पाहिले, आचार्यांकडे पाहिले, आणि शेवटी तो कुंदाला म्हणाला, "तुझ्याशी हे गुरुजी खोटं बोलले आणि मीही तुझं ऐकलं नाही. आता तूच सांग, यांच्या शाळेला घर द्यायचं का?"

कुंदाने बराच विचार केला. "आधी त्यांचा खेळ घेते," ती म्हणाली.

शिष्य ओळीतल्या जागी बसला. कुंदाने त्याच्या डोळ्यांना पट्टी बांधली, फट राहिली नाही ना हे दोनदा तपासले, कारण नारूची बहीण होती ती, आणि एक डबी उघडून त्याच्या नाकाखाली धरली. शिष्याने श्वास ओढला. नाकातून नुसता फुसफुस आवाज झाला. समोर शाळा होती, छप्पर होते, आणि उत्तर द्यायचे होते.

"मला कळत नाही," तो म्हणाला.

"बरोबर!" कुंदा म्हणाली. "एक गुण."

मग तीच डबी तिने आपल्या नाकाशी नेली. दोन दिवसांत प्रथमच तिने दीर्घ श्वास घेतला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "कापूर!" यावेळी झाकण कोणीही पाहिले नाही.

व्यापाऱ्याने जुडग्यातून एक किल्ली सोडवून शिष्यापुढे ठेवली.

आपणही या सुट्टीत मुलांसाठी असा खेळ जरूर मांडावा. फक्त त्यांचे उत्तर चुकले असे म्हणण्याआधी एकदा डबी स्वतः हुंगून पाहावी.