ठिपकीच्या शेपटीला गाठी

एक होती उंदरी. नाव तिचं ठिपकी. नाकावर एक पांढरा ठिपका. आणि शेपूट? हे एवढं लांब!

त्या दिवशी घरात बारसं होतं. ठिपकीच्या इवल्याशा भावाचं. आत्या येणार होती. चुलीवर घुगऱ्या शिजत होत्या, रटरट रटरट. आईनं बाळासाठी पिवळी कुंची शिवली होती. धुऊन बाहेर वाळत घातली होती.

आईनं ठिपकीच्या शेपटीला एक गाठ मारली.

"ही कुंचीची गाठ. आधी कुंची, मग खेळ. विसरायचं नाही हं!"

"नाही गं आई!"

ठिपकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत दिसला लाल दोरा. मग काय! बांधला फांदीला, झाला झोका. झुईं झुईं, झुईं झुईं.

"थोडंसंच खेळते," ठिपकी म्हणाली. थोडंसं झालं. आणखी थोडंसं झालं. बाईसाहेबांचं थोडंसं काही संपेना!

आणि आला वारा. भुर्रर्र! कुंची उडाली. जाऊन बसली बोरीच्या काट्यांत.

घरातून आवाज आला, "चीं! चीं!" बाळाला थंडी वाजत होती.

ठिपकीनं झोका ओढून काढला. दोरा तिथंच टाकला. शेपटीकडे पाहिलं. गाठ तश्शीच होती.

कान खाली, मान खाली. ठिपकीला लाज वाटली.

तुरु तुरु, तुरु तुरु. ठिपकी गेली बोरीकडे.

"बोरीबाई, बोरीबाई, कुंची सोड.
बाळ उघडं, बाळाला थंडी!"

"कुंची इथं आलीच कशी?"

"वाऱ्यानं आणली," ठिपकी हळूच म्हणाली.

बोर म्हणाली, "मला लागली तहान. फांदी झाली कडक. वाकू कशी? आधी पाणी, मग कुंची."

ठिपकीनं शेपटीला गाठ मारली. पाण्याची गाठ.

कान खाली, मान खाली. ठिपकीला लाज वाटली.

तुरु तुरु, तुरु तुरु. ठिपकी गेली पाण्याच्या पाटाकडे.

"पाटदादा, पाटदादा, पाणी दे.
बोर कुंची सोडीना,
बाळ उघडं, बाळाला थंडी!"

"कुंची बोरीवर गेलीच कशी?"

"वाऱ्यानं नेली," ठिपकी हळूच म्हणाली.

पाट म्हणाला, "गुळूप! माझ्या तोंडात अडकला पाला. पाणी पुढं जाईल कसं? आधी पाला, मग पाणी."

ठिपकीनं शेपटीला गाठ मारली. पाल्याची गाठ.

कान खाली, मान खाली. ठिपकीला लाज वाटली.

तुरु तुरु, तुरु तुरु. ठिपकी गेली कोंबडीकडे.

"कोंबडीताई, कोंबडीताई, पाला उकर.
पाट पाणी देईना,
बोर कुंची सोडीना,
बाळ उघडं, बाळाला थंडी!"

"कुंची बोरीवर गेलीच कशी?"

"वाऱ्यानं नेली," ठिपकी हळूच म्हणाली.

कोंबडी म्हणाली, "कॉक कॉक! अंड्यांखाली काड्या नाहीत. मी उठले की अंडी गार. आधी काड्या, मग पाला."

ठिपकीनं शेपटीला गाठ मारली. काड्यांची गाठ. शेपूट झालं आखूड.

कान खाली, मान खाली. ठिपकीला लाज वाटली.

तुरु तुरु, तुरु तुरु. ठिपकी गेली गाईकडे.

"गाईमावशी, गाईमावशी, काड्या दे.
कोंबडी पाला उकरीना,
पाट पाणी देईना,
बोर कुंची सोडीना,
बाळ उघडं, बाळाला थंडी!"

"कुंची बोरीवर गेलीच कशी?"

"वाऱ्यानं नेली," ठिपकी हळूच म्हणाली. अगदी हळूच.

गाय म्हणाली, "हम्मा! माझ्या कानाला गोचीड. खाज खाज खाज! आधी गोचीड, मग काड्या."

ठिपकीनं शेपटीला गाठ मारली. गोचिडाची गाठ. शेपूट झालं आणखी आखूड.

कान खाली, मान खाली. ठिपकीला लाज वाटली.

तुरु तुरु, तुरु तुरु. ठिपकी गेली साळुंकीकडे. साळुंकी जमिनीवर बसली होती. उडत नव्हती, नाचत नव्हती.

"साळुंकीबाई, साळुंकीबाई, गोचीड काढ.
गाय काड्या देईना,
कोंबडी पाला उकरीना,
पाट पाणी देईना,
बोर कुंची सोडीना,
बाळ उघडं, बाळाला थंडी!"

"कुंची बोरीवर गेलीच कशी?"

"वाऱ्यानं नेली," ठिपकी म्हणाली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

साळुंकी म्हणाली, "मी उडू कशी? पायाला गुंडाळला दोरा. कुणीतरी वाटेत टाकला. आधी दोरा, मग गोचीड."

ठिपकीनं शेपूट पुढं घेतलं. आता दोऱ्याची गाठ मारायची. पण मारायची कुठं? शेपटीला जागाच नाही! गाठीला चिकटून गाठ, गाठीला चिकटून गाठ.

मग ठिपकीनं साळुंकीचा पाय पाहिला. पायाला दोरा. लाल दोरा. ठिपकीचाच झोका!

कुणी पाहिलं नव्हतं. कुणाला कळलं नसतं. पण ठिपकीला माहीत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दोरा माझा आहे," ठिपकी म्हणाली. "मी झोका खेळले. मीच टाकला. आणि कुंची मी आधी आणलीच नाही. म्हणून वाऱ्यानं नेली."

"मला दुखतंय गं," साळुंकी म्हणाली.

कान खाली, मान खाली. ठिपकीला लाज वाटली. खूप खूप लाज वाटली.

"आता रडत बसतेस की दात चालवतेस?" साळुंकीनं विचारलं.

ठिपकीनं डोळे पुसले. दात लावले. कुट कुट, कुट कुट, कुट कुट. तुटला दोरा! पाय झाला मोकळा. साळुंकी उडाली, फर्रर्र!

ठिपकी घाईघाईनं शेपटीची पहिली गाठ ओढू लागली. कुंचीची गाठ. ती काही सुटेना! पुढच्या गाठी वाट अडवून बसलेल्या. तेवढ्यात साळुंकी पोचली गाईकडे. आणि मग?

साळुंकीनं गोचीड काढलं. सर्र! गोचिडाची गाठ सुटली.

गाईनं काड्या दिल्या. सर्र! काड्यांची गाठ सुटली.

काड्या मिळताच कोंबडीनं पाला उकरला. खस् खस्, खस् खस्. सर्र! पाल्याची गाठ सुटली.

पाटानं पाणी दिलं. झुळू झुळू, झुळू झुळू. सर्र! पाण्याची गाठ सुटली.

बोर घटघट पाणी प्यायली. फांदी वाकली खाली, खाली, खाली. कुंची पडली, टप्प!

ठिपकीनं कुंची उचलली. तुरु तुरु, तुरु तुरु. वाटेत दिसला चिंचोका. काळा, गुळगुळीत, चकचकीत. ठिपकीनं पाहिला. पण ठिपकी थांबली नाही.

घरी आत्या आली होती. सगळे वाट पाहत होते. बाळ रडून रडून लाल झालं होतं.

"कुठं होतीस गं इतका वेळ?" आईनं विचारलं.

सगळे ठिपकीकडे बघू लागले. शेपटीला गाठ होती. एकच गाठ. कुंचीची.

कान खाली, मान खाली. पण आवाज मोठा.

"आई, मी आधी खेळले. कुंची नंतर आणली. माझं चुकलं."

आईनं हात पुढं केला. तिनं कुंची घेतली, झटकली, बाळाला घातली. बाळाचं रडणं थांबलं. मग आईनं ठिपकीला जवळ ओढलं. शेपूट हातात घेतलं. आणि सर्र! कुंचीची गाठ सुटली. शेपूट झालं लांबच लांब.

बाळाला पाळण्यात घातलं. आत्या बाळाच्या कानाशी वाकली. "कुर्रर्र! नाव ठेवलं गोटू!"

गोटूनं डोळे उघडले. इवलासा हात बाहेर काढला. आणि धरलं ठिपकीचं शेपूट! घट्ट धरलं.

बाहेरून मैत्रिणींनी हाक मारली, "ठिपके, खेळायला चल!"

"आधी गोटू, मग खेळ!" ठिपकी म्हणाली. आणि जागची हलली नाही.

आत्यानं घुगऱ्या तिथंच आणून दिल्या. ठिपकीनं खाल्ल्या, मटामटा मटामटा. गोटू झोपला. मूठ काही सुटली नाही.

गाठी सुटल्या, घुगऱ्या वाटल्या,
ज्यांनी ऐकलं, त्यांच्या मुठी भरल्या!